पूलमधला ‘क्लोरीनचा वास’ नक्की कशाचा असतो?

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांसाठी भाग आलेलाच आहे. ज्यांना लोकलमध्ये आवाज ऐकू येत नाही आणि वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा त्याच भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळले तिथे थोडं सरळ केलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट एका वासाची आहे.

माझी भाची दहा वर्षांची. तिला लहानपणापासून दमा आहे. गेल्या पावसाळ्याआधी डॉक्टरांनी ताईला सांगितलं, हिला पोहायला घाला, बरं पडेल. पावसात उघडा पूल नको, म्हणून ताईने छप्पर असलेला, गरम पाण्याचा पूल शोधून काढला. एका संध्याकाळी तिला सोडायला मी गेले. काचेचं दार ढकललं आणि तो वास भपकन नाकात गेला. तुम्हाला माहीत आहे कुठला ते. डोळ्यांत पाणी, घशात खवखव. अर्ध्या तासाने भाची काठावर येऊन खोकायला लागली. “मावशी, इथे आत खूप वास येतो गं.” मी ताईला फोन केला तर ताई म्हणाली, “अगं वास येतो म्हणजे क्लोरीन टाकलंय. पाणी स्वच्छ आहे.”

मलाही तेव्हा तसंच वाटलं. मी पोहायला शिकले आजोळच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. तिथे वास शेवाळाचा यायचा. त्यामुळे पूलचा तो तिखट वास म्हणजे शहरातला, स्वच्छ, तिकीट काढून मिळणारा वास असंच माझं डोक्यात बसलेलं. पण मग एक प्रश्न छळायला लागला. दम्यासाठी ज्या ठिकाणी डॉक्टर पाठवतात, त्याच ठिकाणी दम्याचं पोर खोकतंय. यातलं खरं काय? पूल तिला बरं करतोय की आजारी?

शोधायला गेले तर दोनशे वर्षं मागे जावं लागलं. चला.

सुरुवात थंड हवेच्या देशांपासून करू, कारण छपराखालचा पूल ही मुळात त्यांची गरज. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल शहराने १८२८ साली नदीकाठी सेंट जॉर्ज बाथ्स नावाचं सार्वजनिक स्नानगृह उघडलं. १८४६ साली ब्रिटिश संसदेने कायदा केला, की गावोगावच्या नगरपालिकांना लोकांसाठी स्नानगृहं आणि धुण्याच्या जागा बांधता येतील. हेतू पोहणं हा नव्हता. कामगारवस्तीत घरी अंघोळीला जागा नाही, कॉलरा दारात उभा, तेव्हा लोकांनी निदान अंग तरी धुवावं, हा हेतू. पुढे त्यातच पोहण्याचे हौद आले.

आता या हौदांत फिल्टर वगैरे काही नाही. पाणी भरायचं, लोकांनी डुंबायचं, आणि आठवड्यातून एकदोनदा सगळं सोडून देऊन पुन्हा भरायचं. आणि ऐका, तिकिटाचे दर पाण्याप्रमाणे. ताजं पाणी भरलं त्या दिवशी महाग, आणि जसजसं पाणी गढूळ होत जाईल तसतसं स्वस्त. म्हणजे गरिबाने कधी पोहायचं हे पाण्याचा रंग ठरवायचा! आज हे ऐकून नाक मुरडावंसं वाटतं. पण त्या हौदांत एक गोष्ट नव्हती: आपला तो वास. घाणीचा असेल, घामाचा असेल, पण ‘पूलचा वास’ नव्हता.

तो यायला क्लोरीन यावं लागलं. क्लोरीन वायू पहिल्यांदा तयार केला स्वीडनच्या कार्ल शील यांनी, १७७४ साली. हे मूलद्रव्य आहे हे ओळखून त्याला नाव दिलं इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही यांनी, १८१० साली. ग्रीक भाषेत फिकट हिरव्या रंगाचा जो शब्द आहे, त्यावरून ते नाव. शंभर वर्षं ते मुख्यतः कापड पांढरं करायला वापरलं गेलं. मग टायफॉइडने शहरं हैराण झाली आणि लोकांनी पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घालायला सुरुवात केली. अमेरिकेत जर्सी सिटीला १९०८ साली डॉक्टर जॉन लील यांनी सगळ्या शहराच्या पाण्यात ते कायमचं सुरू केलं. लोक घाबरले होते, विष घालताय म्हणून. पण पुढच्या काही वर्षांत एकेक शहर त्या वाटेने गेलं आणि टायफॉइडने मरणारी माणसं झपाट्याने कमी झाली. मानवी इतिहासात एवढी माणसं वाचवणारी गोष्ट विरळा. हे मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण पुढे क्लोरीनबद्दल बरंवाईट बोलायचंय, आणि तुम्ही लगेच ‘क्लोरीन हटाव’ म्हणून स्टेटस ठेवू नये.

दोनच वर्षांनी, १९१० साली, अमेरिकेतल्याच ब्राउन विद्यापीठाच्या पूलमध्ये जॉन बंकर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने हाच प्रयोग केला. पाण्यात क्लोरीन घातलं, जंतू मोजले, जंतू गेले. झालं. तिथून पुढे हौद रिकामा करून भरायची गरजच उरली नाही. तेच पाणी गाळायचं, फिरवायचं, क्लोरीन घालायचं, महिनोन्महिने वापरायचं. आजचा प्रत्येक क्लोरीनचा पूल, तुमच्या सोसायटीतला असो की ऑलिंपिकचा, याच कल्पनेवर चालतो.

आणि इथेच एक चूक झाली असं मला वाटतं. चूक म्हणण्यापेक्षा दुर्लक्ष. सगळ्यांनी पाणी मोजलं. पाण्यात जंतू किती, क्लोरीन किती, पाणी नितळ आहे का. पाण्यावरची हवा कोणी मोजली नाही. उघड्या पूलवर तिचा प्रश्नही नव्हता, वारा येतो आणि घेऊन जातो. पण छपराखाली? तिथली हवा सगळ्यांच्या नाकातोंडातून जात होती, आणि तिच्यात नक्की काय आहे हे नीट विचारायला जवळजवळ ८५ वर्षं लागली.

काय होतं त्या हवेत, ते सांगते. थोडी केमिस्ट्री आहे, पण दहावीपर्यंतचीच, पळू नका.

स्वच्छ पाण्यात योग्य प्रमाणात क्लोरीन असेल तर त्याला फारसा वास येतच नाही. वास येतो तो क्लोरीनने कोणाशी तरी ‘लग्न’ केल्यावर. आपल्या घामात आणि लघवीत नायट्रोजन असलेली द्रव्यं असतात: युरिया, युरिक ॲसिड, अमोनिया. क्लोरीन त्यांना चिकटतं आणि क्लोरामाइन्स नावाची संयुगं तयार होतात. त्यातली काही पाण्यातच राहतात. पण एक आहे, ट्रायक्लोरामाइन, ते पाण्यात टिकत नाही. कोल्ड्रिंकची बाटली हलवल्यावर जसा फसफसून वायू बाहेर येतो, तसं पाणी उडालं, खळबळलं की हे हवेत निसटतं. आणि छप्पर बंद असेल तर तिथेच, पाण्याच्या वर, नेमकं जिथे पोहणाऱ्याचं तोंड असतं तिथे रेंगाळतं. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, खोकला, बहुतेक वेळा हाच तो.

म्हणजे ताईचं वाक्य उलटं करून वाचायला हवं होतं. जोरदार वास येतो म्हणजे पाणी स्वच्छ आहे, असं नाही. जोरदार वास येतो म्हणजे पाण्यात माणसं बरीच विरघळली आहेत आणि हवा खेळत नाहीये.

या ट्रायक्लोरामाइनची कुंडली काढली तर ती भन्नाट निघाली. हा काही पूलमध्ये जन्मलेला पदार्थ नाही. शुद्ध स्वरूपात तो पिवळसर तेलासारखा असतो आणि धक्का लागला तरी फुटतो. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर द्युलाँ यांनी १८११ साली तो पहिल्यांदा बनवला आणि त्या नादात एक डोळा आणि दोन बोटं गमावली. पुढच्याच वर्षी, १८१२ मध्ये, इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही, म्हणजे क्लोरीनला नाव देणारेच, हाच पदार्थ बनवून बघत होते. स्फोट झाला, काच डोळ्याला लागली. डोळ्यामुळे लिहिता येईना, म्हणून त्यांनी लिहून घ्यायला एक पोरगा ठेवला. पुस्तकबांधणीच्या दुकानात काम शिकलेला. त्याचं नाव मायकेल फॅरेडे. पुढे १८१३ साली डेव्हींनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत नोकरी दिली. डायनॅमो, मोटर, तुमच्या घरातली वीज, या सगळ्याच्या मुळाशी असलेला माणूस विज्ञानात आला, त्याला हातभार लावला तो पूलमधल्या वासाने! (हे भाग रेकॉर्ड करताना मी दोनदा सांगितलं होतं, एकदा कापलं. पण मला ते फारच आवडतं.)

पुढे विसाव्या शतकात हाच वायू ब्रिटन-अमेरिकेत पिठाच्या गिरण्यांमध्ये मैदा पांढरा करायला वापरायचे. १९४६ साली एडवर्ड मेलनबी या ब्रिटिश डॉक्टरांनी दाखवून दिलं की असं पीठ खाल्लेल्या कुत्र्यांना झटके येतात. मग ती पद्धत बंद पडत गेली. म्हणजे हा पदार्थ ओळखीचा होता. पिठात नको, हे ठरलं होतं. पूलच्या हवेत तो आहे का, हे बघायचं राहून गेलं.

आता दम्याकडे येऊ, कारण दुसऱ्या बाजूने एक वेगळीच गोष्ट चालू होती.

ऑस्ट्रेलियात पर्थ इथे फिच आणि मॉर्टन या संशोधकांनी दम्याच्या रुग्णांना पळायला लावलं, सायकल चालवायला लावली आणि पोहायला लावलं. १९७१ साली त्यांनी जे छापलं त्याचा मथितार्थ असा: पळण्याने छाती सगळ्यांत जास्त आवळली, सायकलने त्याहून कमी, पोहण्याने सगळ्यांत कमी. कारण समजायला सोपं आहे. दमेकऱ्याच्या श्वासनलिकांना कोरडी, थंड हवा भरभर आत गेलेली सोसत नाही. पाण्यावरची हवा दमट असते, म्हणून व्यायाम होतो पण नळ्या चिडत नाहीत. तिथून जगभरचे डॉक्टर सांगायला लागले: दमा आहे? पोहायला घाला. माझ्या भाचीच्या डॉक्टरांचं वाक्य त्या परंपरेतलं आहे, आणि ते उगाच नाही. २०१३ साली कॉक्रेन या संस्थेने मुलांवरचे असे आठ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही स्थिर दमा असलेल्या मुलांना पोहण्याचं प्रशिक्षण सोसतं आणि फुफ्फुसांची क्षमता सुधारते असंच दिसलं.

याची जिवंत उदाहरणंही आहेत. अमेरिकेची नॅन्सी हॉग्सहेड १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्ण आणि एक रौप्य जिंकली. पाचव्या शर्यतीत तिची छाती आवळली आणि ती चौथी आली. तिला दमा आहे हे तेव्हा कळलं! टॉम डोलन, दमा असलेला आणखी एक अमेरिकन पोहणारा, १९९६ आणि २००० अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलीचं सुवर्ण घेऊन गेला. आता या गोष्टी दोन्ही बाजूंनी वाचता येतात. दमा असूनही पोहण्याने माणूस इथपर्यंत पोचतो, असंही म्हणता येतं. आणि पोहणाऱ्यांमध्ये दमा एवढा का दिसतो, असंही विचारता येतं.

हा दुसरा प्रश्न विचारला गेला, पण तो पोहणाऱ्यांमुळे नाही. काठावर उभ्या असलेल्या माणसांमुळे.

विचार करा ना. तुम्ही पूलवर तासभर जाता. डोळे चुरचुरले, घरी येऊन चहा घेतला, विसरलात. पण लाइफगार्ड? पोहायला शिकवणारे सर, मॅडम? ते आठ तास तिथेच. आठवड्याचे सहा दिवस. फ्रान्समध्ये इनडोअर पूलच्या लाइफगार्ड्सनी तक्रारी केल्या, डोळे जळतात, घसा धरतो. कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी तिथली एक राष्ट्रीय संस्था आहे, तिथल्या मिशेल एरी आणि सहकाऱ्यांनी हे गंभीरपणे घेतलं. पहिला अडथळा असा, की हवेतलं ट्रायक्लोरामाइन मोजायची धड पद्धतच नव्हती. ती त्यांनी बसवली, पूलवर जाऊन हवा गोळा केली आणि १९९५ साली आकडे छापले. नंतर हीच टीम पाकिटातलं सॅलड क्लोरीनच्या पाण्यात धुणाऱ्या कारखान्यात गेली, तर तिथल्या कामगारांच्या हवेतही तेच सापडलं. पानांचा रस आणि क्लोरीन. लघवीच लागते असं नाही.

१९९८ साली त्याच संस्थेच्या संशोधकांनी ६३ पूलवरच्या ३३४ लाइफगार्ड्सना तपासलं. हवेत ट्रायक्लोरामाइन जितकं जास्त, तितक्या डोळ्या-नाकाच्या आणि घशाच्या तक्रारी जास्त, असा सरळ चढता संबंध दिसला. आणि सगळ्यांत वाईट हवा कुठे? साध्या, लांबीत पोहण्याच्या पूलमध्ये नाही. घसरगुंड्या, कारंजी, लाटा असलेल्या मजेच्या पूलमध्ये. पाणी जितकं उडेल तितका वायू बाहेर. कोल्ड्रिंकची बाटली आठवा. मात्र जुनाट खोकला, कायमचा दमा यांच्याशी तसा थेट संबंध त्या अभ्यासात मिळाला नाही, हेही तितकंच नोंदवायला हवं.

मग २००२ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा अभ्यास आला. छोटा, पण माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यांत बोलका. तिघं जण: दोन लाइफगार्ड, एक पोहण्याचे शिक्षक. कामावर असले की दम लागायचा, सुट्टीवर गेले की बरं वाटायचं. डॉक्टरांनी त्यांतल्या दोघांना एका खोलीत बसवून आधी नुसतं क्लोरीन हुंगायला दिलं. काही झालं नाही. मग ट्रायक्लोरामाइन दिलं. छाती आवळली. तिसऱ्याची चाचणी पूलवरच केली, तिथे त्याचा श्वास बिघडला. म्हणजे संशयित हाताशी सापडला, आणि तो क्लोरीन नव्हता, त्याचं ते लग्नानंतरचं रूप होतं. या लोकांनी घरी-दारी किती वर्षं ‘तुला सर्दीची सवय आहे’ हे ऐकून घेतलं असेल, असं मला ते वाचताना वाटत राहिलं.

इथपर्यंत ठीक होतं. वाद पेटला तो पुढच्या वर्षी, मुलांवरून.

बेल्जियममध्ये शाळकरी मुलांना पोहायला नेणं हा शिक्षणाचा भाग. ब्रसेल्सच्या आल्फ्रेड बर्नार्ड यांनी साधारण दहा वर्षांच्या २२६ निरोगी मुलांचं रक्त तपासलं. फुफ्फुसात असणारी काही प्रथिनं रक्तात किती उतरली आहेत हे बघायचं. नळाचा वॉशर झिजला की जसं थेंब थेंब गळतं, तसं फुफ्फुसाचं आतलं अस्तर झिजलं तर ही प्रथिनं रक्तात गळतात. तर जी मुलं इनडोअर पूलवर जास्त गेली होती, त्यांच्यात गळती जास्त. शिवाय दमा होण्याशीही संबंध दिसतोय, असं त्यांनी २००३ साली मांडलं. २००७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्याने युरोपभरचे आकडे काढले: ज्या देशात लोकसंख्येच्या मानाने इनडोअर पूल जास्त, तिथे मुलांमध्ये दमाही जास्त. श्रीमंत देशांत गेल्या काही दशकांत दमा का वाढला, त्याचं एक उत्तर पूलमध्ये आहे, असा त्यांचा दावा.

हे ऐकलं की अंगावर काटा येतो ना? मलाही आला. वर्तमानपत्रांनाही आला. पण थांबा. देशांची तुलना फार फसवी असते. ज्या देशात पूल जास्त तिथे गाड्याही जास्त, डॉक्टरही जास्त, दमा ओळखणारे जास्त. आणि मुलांच्या बाबतीत तर माझी भाचीच उत्तर आहे. ती पूलवर गेली म्हणून तिला दमा झाला का? नाही, तिला दमा होता म्हणून ती पूलवर गेली! एका वेळी रक्त तपासून आणि प्रश्न विचारून आधी काय आणि नंतर काय, हे कसं कळणार?

ते कळायला मुलांच्या मागे वर्षानुवर्षं जावं लागतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या हजारो मुलांचा जन्मापासून मागोवा घेणारा एक मोठा प्रकल्प आहे. त्यातल्या ५,७३८ मुलांची पोहण्याची आणि श्वासाची माहिती लाइया फॉन्त-रिबेरा आणि सहकाऱ्यांनी तपासली, २०११ साली निष्कर्ष आला. जास्त पोहणाऱ्या मुलांमध्ये दमा वाढलेला दिसला नाही. उलट फुफ्फुसांची क्षमता किंचित चांगली. आणि आधीपासून श्वासाचा त्रास असलेल्या मुलांमध्ये फायदा जास्त.

मग बर्नार्ड चुकले? मी तरी तसं म्हणणार नाही. ब्रिस्टलच्या पूलची हवा आणि ब्रसेल्सच्या पूलची हवा एकच असेल असं कोणी सांगितलं? एकाने पोहण्याचा फायदा मोजला, दुसऱ्याने हवेचा तोटा मोजला, आणि मुलाच्या छातीत दोन्ही एकाच वेळी जातात. एखाद्या पूलमध्ये फायद्याचं पारडं जड, एखाद्यात तोट्याचं. मला वादातून इतकंच हाती लागलं, पण तेही कमी नाही. ‘पोहणं चांगलं की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘या पूलची हवा कशी आहे’ हा विचारायचा.

स्पर्धेत उतरणाऱ्यांचं मात्र वेगळं. ते रोज काही तास, धापा टाकत, नेमक्या पाण्याला लागून असलेल्या थरातली हवा ओढतात. फिनलंडमध्ये इल्का हेलेनियस यांनी ४२ अव्वल पोहणाऱ्यांचा पाच वर्षं पाठपुरावा केला. ज्यांनी स्पर्धा सोडली त्यांच्या श्वासनलिकांची चिडचिड बऱ्याच अंशी कमी झाली. ज्यांनी चालू ठेवली, त्यांची नाही. यात चांगली बातमी अशी की नुकसान बरंचसं उलटवता येतं. ज्यांची मुलं-मुली जिल्हा, राज्य पातळीवर पोहतात त्या आईबाबांनी खोकल्याला ‘सरावाचा खोकला’ म्हणून सोडून देऊ नये, एवढं तरी.

आता थोडं हसू. म्हणजे हसायचं की रडायचं ते तुम्ही ठरवा. पूलमध्ये लोक किती लघवी करतात? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली याचं उत्तर काढलं, आणि शक्कल बघा. डाएट कोल्ड्रिंकमध्ये, शुगर-फ्री पदार्थांत असेसल्फेम-के नावाचा गोडवा असतो. तो शरीरात पचत नाही, जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो. म्हणून पूलच्या पाण्यात तो किती आहे ते मोजायचं, की झाला हिशोब. त्यांनी ३१ पूल आणि गरम टब तपासले. सगळ्यांत सापडला. एका ८ लाख ३० हजार लिटरच्या पूलमध्ये अंदाजे ७५ लिटर लघवी! घरच्या मोठ्या बादल्यांत सांगायचं तर चारेक बादल्या. आणि याच्या तीन वर्षं आधी अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातल्या अर्नेस्ट ब्लॅचली यांच्या गटाने दाखवलं होतं, की पूलमध्ये येणारं जवळजवळ सगळं युरिक ॲसिड लघवीतूनच येतं आणि क्लोरीनशी मिळून ते ट्रायक्लोरामाइनला जन्म देतं. घामाला निदान सबब आहे. लघवीला काय सबब?

उपाय काय, तर ते कंटाळवाणे आणि जुनेच आहेत. पाण्यात उतरण्याआधी साबणाने अंघोळ, नुसतं पाय ओले करणं नव्हे. लहान मुलांना मधेमधे बाहेर काढून बाथरूमला पाठवणं. पाण्यात ताजं पाणी मिसळत राहणं. आणि बाहेरची हवा आत घेणं. हे शेवटचं महागात पडतं, म्हणून टाळलं जातं. गरम, दमट हवा बाहेर सोडली की तिच्याबरोबर पैसे जातात, म्हणून तीच हवा फिरवत ठेवायचा मोह होतो. जर्मनीने पाण्यातल्या क्लोरामाइन्सवर लिटरला ०.२ मिलिग्रॅम इतकी कडक मर्यादा घातली आहे. हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली एका घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम ट्रायक्लोरामाइन हा तात्पुरता आकडा दिला, तो फ्रेंच लाइफगार्ड्सच्या त्याच अभ्यासांच्या आधारावर.

आपल्याकडे हा विषय फारसा निघाला नाही, कारण आपले बहुतेक पूल उघड्यावर. वरून ऊन, बाजूने वारा. पण आता टॉवरच्या पोटात, क्लबहाउसच्या तळमजल्यावर, काचा लावून, एसी लावून पूल होतायत. युरोपने थंडीमुळे जे केलं ते आपण हौसेने करतोय.

भाचीचं काय झालं? ताईने आधी पूल बंदच करायचं ठरवलं होतं. डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले पोहणं सोडू नका, पंप चालू ठेवा, जागा बदला. पाऊस संपेपर्यंत ती बॅडमिंटन खेळली, दिवाळीनंतर उघड्या पूलवर गेली. खोकला नाही. आता बटरफ्लाय शिकतेय आणि घरभर हात मारत फिरते.

नाव काढायला मी त्या जुन्या पूलवर गेले तेव्हा काउंटरवर विचारलं, वरचे पंखे कधी चालू करता? तिथला मुलगा म्हणाला, मॅडम, ते चालू केले की लाइट बिल येतं. मग काठावरच्या सरांकडे गेले. वयाने माझ्याहून मोठे, गळ्यात शिट्टी, तिथे बारा वर्षं शिकवतायत. बोलताना दर दोन वाक्यांनी घसा खाकरत होते. मी म्हटलं, “सर, तुम्हाला या वासाचा त्रास नाही होत?”

ते म्हणाले, “कसला वास?”

भेटू पुढच्या भागात.